सातपर्यंत

८ सप्टेंबर २०२५
सदाशिव पेठ

दादा,

माझा नंबर तू ब्लॉक केलायस आणि वहिनीला केलेला फोनही तूच उचलतोस, म्हणून पोस्टाने लिहितेय. इथून तुझं मांजरी गाव वीस किलोमीटरही नसेल. पोस्टातल्या काकूंनी पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "पुण्यातून पुण्यात? भांडण सासरशी का माहेरशी?" मी म्हटलं माहेरशी. "मग एका पाकिटात भागायचं नाही." पाच घेतली.

राहायला येणार नाहीये, निर्धास्त रहा. इथे कॉट मिळालीय, खोलीत चार मुली, तिघी स्पर्धा परीक्षांच्या. त्या दिवसभर राज्यघटना मोठ्याने म्हणतात. मला आता कलम बत्तीस पाठ आहे, कशाला ते माहीत नाही.

मला फक्त एक वस्तू हवीय. आईच्या सेंटरची निळी पिशवी. ऑगस्ट २०२२ ची. आईला माझी किडनी द्यायचं ठरलं होतं तेव्हा माझा सीटी स्कॅन केला होता, त्याची सीडी आणि रिपोर्ट. सेंटरच्या वहीत तुझी सही आहे, म्हणजे ती तू नेलीस. फेकली नसशील तर पाठव. फेकली असशील तर तसं लिही, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही.

आता का हवीय ते. जुलैत मी कुल्लूजवळ एका होमस्टेत कामाला होते. स्वयंपाक, चादरी, पाहुण्यांना धबधबा दाखवणं. तिथे एक कुत्री होती, तिला सगळे मॅनेजर म्हणायचे, कारण ती काहीच करायची नाही, नुसती बसून असायची. ती रस्त्यात आली, तिला चुकवायला गेले आणि स्कूटीसकट आडवी झाले. बरगडी दुखत होती म्हणून तिथल्या दवाखान्यात सोनोग्राफी केली. डॉक्टर बरगडीबद्दल बोललेच नाहीत. डाव्या कुशीवर येऊन थांबले आणि ते जेल लावलेलं यंत्र तिथल्या तिथे फिरवत राहिले. मग विचारलं, घर कुठे? मी म्हटलं पुणे. म्हणाले, घरी जा.

डाव्या किडनीत गाठ आहे. एकतीस मिलिमीटर, आवळ्याएवढी धर. दुखत नाही, खुपत नाही. मॅनेजरसारखी बसून आहे.

पुण्यात स्कॅनची सेंटरं ढीगभर आहेत, पण पाय आईच्याच सेंटरकडे वळले. एकोणीस वर्षं तिने तिथलं मशीन चालवलं, मला दुसरीकडचा रस्ताच माहीत नाही. परवाच्या गुरुवारी गेले. बाहेर गणपतीचं ढोलपथक, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आत बर्फासारखं गार. टेबलावर झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला सांगितले, टेबल आत सरकलं. आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून आई म्हणाली, "श्वास घ्या. श्वास रोखून धरा."

मला माहीत होतं रे. तिनेच ते रेकॉर्ड केलं होतं, तू दहावीत असताना, घरी आरशासमोर उभी राहून सराव करायची आणि तू तिची नक्कल करायचास. २०२२ मध्येही मी तो आवाज त्याच टेबलावर ऐकला होता. पण तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती, हाताला डायलिसिसची पट्टी. आता बाकावर एक आजोबा पेपर वाचत होते.

मी रोखून धरला. ढोल ऐकू येईनासे झाले. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सोडा."

पिशवी पाठव.

ओवी


१४ सप्टेंबर २०२५
सदाशिव पेठ

दादा,

उत्तर नाही. पोस्टाचा घोळ असेल असं मी स्वतःला सांगतेय.

डॉ. प्रियदर्शनी म्हणून आहेत, स्कॅन बघणाऱ्या आणि सुई घालणाऱ्याही त्याच. आई होती तेव्हा त्या नवीन होत्या. आई त्यांना मशीनबद्दल शिकवायची आणि वर मॅडम म्हणायची. त्यांनी मला फोटो दाखवला. काळ्यावर राखाडी, मधे एक गोल. मी विचारलं, "काढून टाका ना सरळ."

"मधोमध आहे," त्या म्हणाल्या. "गाठ काढायची तर अख्खी किडनी जाईल. तू सव्वीस वर्षांची. तुझ्या आईच्या दोन्ही पन्नाशीत गेल्या. उद्या तुझ्या उरलेलीने दगा दिला तर माझ्याच नावाने बोटं मोडशील. आधी सुईने तुकडा काढून बघू काय आहे ते. साधी गाठ असेल तर राहू दे तिला."

"आणि साधी नसेल तर?"

"मग राहू द्यायची नाही."

बघ, बोलणंही आईसारखंच. संगत.

तर बायोप्सी म्हणजे असं. पालथं झोपवतात, स्कॅन करून गाठ नेमकी कुठे आहे ते बघतात, पाठीतून सुई घालतात, पुन्हा स्कॅन करून सुई पोचली का बघतात. श्वास घेतला की किडनी खालीवर होते. म्हणून रोखायचा, आणि प्रत्येक वेळी सारखाच रोखायचा. गाठ किती वेगाने वाढली हे कळायला त्यांना जुना स्कॅन हवाय. सेंटरने मधे सर्व्हर बदलला, जुनं सगळं गेलं. मशीन तेच, आवाज तोच, फोटो नाहीत. ते फक्त तुझ्याकडे.

मशीनवर आता सुदर्शन आहे. आईच्या हाताखाली शिकलेला, नगर रोडला राहतो, कपाळाला कायम गंध. मी म्हटलं, "आवाज बदलला नाहीत?" तो म्हणाला, "बाईंचा? कोण बदलणार? पेशंट ऐकतात त्यांचं. मी सांगितलं की हलतात." पाच वाक्यं आहेत, त्याने मोजून दाखवली. श्वास घ्या. श्वास रोखून धरा. सोडा. हलू नका. आणि शेवटचं, झालं, उठू नका, आम्ही येतोय. यापलीकडे त्या मशीनमध्ये आईचं काही नाही.

आता हे तू वहिनीला वाचून दाखवू नकोस. सेंटरच्या मागे बोळ आहे, एसीची खोकी लावलेली, तिथे एक झरोका आहे. तिथे उभं राहिलं की आतलं बारीक ऐकू येतं. मी सहज गेले होते, बोळातून नारायण पेठेत जाता येतं का बघायला. जाता येत नाही. पण तेव्हापासून रोज सकाळी जाते. अकराच्या सुमारास गर्दी असते, ती एकामागून एक सगळ्यांना सांगत असते. रोखून धरा म्हणाली की मीही धरते. आपोआप होतं. सोडा म्हणाली की सोडते. तासाभरात बारापंधरा वेळा.

काल एकदा ती रोखून धरा म्हणाली आणि पुढे काही आलंच नाही. मी धरून होते. एसीच्या खोक्यातून पाणी ठिबकत होतं, एका मांजराने येऊन माझ्याकडे बघितलं आणि गेलं. कानात भरून आलं, भिंतीला हात लावला, तरी सोडवेना. तिने सांगितल्याशिवाय कसं सोडायचं. शेवटी मी खाली बसले तेव्हा श्वास सुटला. नंतर सुदर्शनला विचारलं. पेशंट घाबरून उठला, स्कॅन मधेच थांबवावा लागला, म्हणून सोडा वाजलं नाही. एवढंच.

२०२२ मध्ये स्कॅन झाल्यावर मी घर सोडून का गेले ते तू विचारशील. काम आलं होतं, चार दिवसांचं. मग लांबलं. बाबा गेले ते तर मला आठवतही नाही, घरात सांगायचं ते तुम्हा दोघांनाच, आणि तुम्हा दोघांना मी चिठ्ठी ठेवली होती. तुझी शुगर निघाली म्हणून किडनी द्यायला तू बाद झालास आणि राहिले मी एकटी, हे मला माहीत होतं. येणारच होते.

सीडी पाठव दादा. नुसती सीडी. बरोबर काही लिहू नकोस हवं तर.

ओवी


२० सप्टेंबर २०२५
सदाशिव पेठ

दादा,

वहिनी काल पिशवी घेऊन आली. वर आली नाही, जिन्यातच उभी राहिली.

"माळ्यावर होती," म्हणाली. "मी काढली. तुमचे बंधुराज खाली स्टूल धरून उभे होते."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, पाकीट उघडू नकोस. मी म्हटलं, तीन वर्षं उघडलं नाही, आज कशाला उघडू?" मग मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय खातेस तू? एवढी मोठी गाठ असून वजन कुठेय?"

कल्याणी वहिनी तुझ्यापेक्षा जास्त बोलते आणि कमी लपवते. तिने मला डबाही दिला. मेथीचे पराठे. खोलीतल्या बुलढाण्याच्या मुलीने त्यातले तीन खाल्ले आणि तुझ्या बायकोला शंभरपैकी शंभर दिले.

पाकिटाला चार पिना होत्या. चारही गंजलेल्या, कागदावर तांबडे डाग. सेंटरमधून आणलंस तसंच वर टाकलंस. मी तुला नावं ठेवत नाहीये, मी असते तर जाळलं असतं. मी ते तसंच डॉ. प्रियदर्शनींकडे नेलं. त्यांनी पिना काढल्या, एक बोटात घुसली, त्यांनी आईच्या भाषेत शिवी दिली. सीडी चालू व्हायला इतका वेळ लागला की मधे चहा झाला. मग त्यांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. २०२५ आणि २०२२.

त्यातही होती, दादा.

अकरा मिलिमीटर. वाटाण्याएवढी. रिपोर्टमध्ये सरळ लिहिलंय, डाव्या किडनीत गाठ, पुढील तपासणीशिवाय दाता म्हणून घेऊ नये. खाली तारीख आणि सही. मी पळाले त्याच संध्याकाळची तारीख.

मी विचारलं, "म्हणजे मी थांबले असते तर?"

"तर तुला त्याच आठवड्यात बाद केलं असतं," त्या म्हणाल्या. "गाठवाली किडनी कोणाला लावत नाहीत. आणि गाठवाली तुझ्याकडे ठेवून चांगली काढून घेत नाहीत. तुझी किडनी श्यामलाबाईंना मिळणारच नव्हती. तू घरी असतीस किंवा नसतीस."

मला हलकं वाटायला हवं होतं. मी खुर्चीत बसून दोन्ही फोटोंकडे बघत राहिले. वाटाणा, आवळा. मी कुठे कुठे फिरले तीन वर्षं, गोकर्ण, हंपी, स्पिती, कोणी विचारलं तर सांगायचे एकटी आहे. एकटी नव्हते. आणि तुम्ही दोघं रोज ज्या खोलीत झोपता तिथे वर माळ्यावर ही लिहून ठेवलेली होती. तू रागाने उघडली नाहीस, मी लाजेने विचारली नाही. उघडली असती तर तेव्हाच कळलं असतं, वाटाणा होती तेव्हा.

मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. काम वगैरे काही आलं नव्हतं. त्या दिवशी टेबलावर होते आणि आई वरून म्हणाली, श्वास रोखून धरा. घरी ती मला कधी काही मागायची नाही, तुला माहीत आहे. एकदाही म्हणाली नाही की दे. उलट म्हणायची, नको, पोरीला राहू दे. आणि तिथे आत मला असं वाटलं की बाहेर बाकावर बसलीय ती वेगळी आणि ही आतली वेगळी. ही आतली मागतेय. हिला हवीय. ती सोडा म्हणायच्या आधीच मी श्वास सोडला. स्कॅन परत करावा लागला. बाहेर आले तर आई म्हणाली, "काय गं, धड श्वास रोखता येत नाही तुला?" आणि हसली. मी पण हसले. रात्रीची गाडी पकडली.

सहा महिन्यांनी तू फोन केलास तेव्हा मी हंपीला होते, नदीत पाय सोडून बसले होते. तू एवढंच म्हणालास, "गेली. येऊ नकोस." मी आले नाही. ते मात्र ऐकलं मी तुझं.

आता काम. बायोप्सी बुधवारी, चोवीसला, सकाळी दहा. संमतीच्या कागदावर नातेवाईकाची सही लागते. रूममेट चालत नाही, मी विचारलं. तू नाही आलास तर पुढे ढकलतील, आणि मॅडम म्हणतात ढकलू नये.

ओवी


२५ सप्टेंबर २०२५
सदाशिव पेठ

दादा,

सही बघितली. तू मला दिसला नाहीस. सुदर्शन म्हणाला, तुम्हाला आत घेतलं आणि ते आले, कागदावर सही केली, बाकावर डाव्या कोपऱ्यात बसले, पाणी विचारलं तर नको म्हणाले, आणि सगळं नीट झालं कळल्यावर गेले. डावा कोपरा आईचा. तुला माहीत होतं का, का सहज बसलास?

मी सांगते काय झालं ते. तुलाच सांगतेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते मला वेगळ्याच डॉक्टरकडे पाठवतील.

पालथं झोपवलं. पाठीवर एक जाळीची पट्टी चिकटवली, म्हणजे फोटोत तिच्या रेघा दिसतात आणि कुठल्या रेघेतून सुई घालायची ते ठरतं. मग बधिर करायचं इंजेक्शन. मुंगी चावल्यासारखं होईल म्हणाले, गांधीलमाशी होती. मग मोठी सुई. ती दुखत नाही, नुसती ढकलल्यासारखी कळते, कोणीतरी पाठीत बोट खुपसून विचार करतंय असं. तुकडा घ्यायच्या सुईला स्प्रिंग असते, ती टक करून वाजते. मॅडमनी आधी हवेत वाजवून दाखवली, म्हणजे मी दचकू नये. तीन तुकडे घ्यायचे होते.

आईचा आवाज बंद ठेवला होता. सुई घालताना डॉक्टर स्वतः सांगतात, कारण त्यांना त्यांच्या वेळेने थांबायचं असतं. सुदर्शनने माझ्यादेखत ते बटण बंद केलं. हे लक्षात ठेव.

पहिल्या तुकड्याला मॅडम म्हणाल्या, "घे श्वास. धर." मी धरला. गाल टेबलावर, समोर पांढरी भिंत. आणि कोणीतरी मोजायला लागलं. एक. दोन. तीन. हळू, कानाच्या मागे. मला वाटलं सुदर्शन मोजतोय. चार, पाच, सहा, सात आणि टक. मॅडम म्हणाल्या सोड.

दुसऱ्याला परत. सात आणि टक.

तेव्हा मला ओळख पटली. दादा, काटा. आठवतंय का. पायात काटा गेला की आई मांडीवर पाय घ्यायची, सुई तापवायची आणि म्हणायची, दहा मोजते, दहाला काढते, तोपर्यंत श्वास धर. आणि सातलाच काढायची. दरवेळी. आपण दरवेळी फसायचो. तू एकदा म्हणालास, आई तू चीटर आहेस, तर म्हणाली, दहापर्यंत थांबले तर तू आठला पाय ओढशील. ते मशीनमधल्या पाच वाक्यांत नाही. ते फक्त आपल्या घरात होतं.

तिसऱ्याला मी धरला. मोजणं सुरू झालं. एक, दोन, तीन, चार. मधेच मॅडमचा आवाज आला, "हं, झालं." मी सोडणार होते. छाती सैल व्हायला लागली होती. पण ते मोजणं थांबलं नव्हतं. पाच म्हणाली. मग मी सोडला नाही. सहा. सात. टक.

नंतर मॅडम हातमोजे काढताना म्हणाल्या, "तिसऱ्याला मी झालं म्हणाले ते सुदर्शनला, त्याने फोटो बघून झाला का विचारलं म्हणून. माझी चूक. तू तेव्हा श्वास सोडला असतास तर सुई नको तिथे गेली असती, शेजारीच मोठी रक्तवाहिनी आहे. शहाणी आहेस, थांबलीस."

मी विचारलं, "मोजत कोण होतं?"

"कोणी नाही. कशाला मोजायचं?"

सुदर्शनकडे बघितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, "बंद होता, ताई. तुमच्यासमोर बंद केला." मग थोड्या वेळाने, मला स्ट्रेचरवर घेताना, हळूच म्हणाला, "बाई घरी मोजायच्या का काही?" मी म्हटलं, का? तो म्हणाला, "नाही, असंच."

सहा तास पाठीवर झोपून राहायचं होतं. लघवी बाटलीत धरून दाखवायची, रक्त आहे का बघायला. पहिली गुलाबी होती, नंतर साफ. तुकडे मी बघितले. बाटलीत, पाण्यासारख्या औषधात, शेवयांचे पांढरे तुकडे असतात तसे तीन. एवढ्यावरून ठरणार. रिपोर्टला आठवडा.

मी भ्यायले नव्हते तेव्हा. आता भ्यायलेय. बोळात आज गेले नाही. खोलीत बसलेय आणि ती बुलढाण्याची मुलगी कलमं मोजतेय, तिला म्हटलं मनातल्या मनात वाच. सातवर आली की मला धडकी भरते.

तू हे वाचून हसलास तरी चालेल. पण काट्याचं तुला आठवतं का, तेवढं कळव.

ओवी


२ ऑक्टोबर २०२५, दसरा
सदाशिव पेठ

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. चार ओळी. मी त्या इथे परत लिहिते, म्हणजे मी नीट वाचल्या की नाही ते तू बघ.

"काटा आठवतो. आई शेवटच्या दुपारी शुद्धीत नव्हती, पण मोजत होती. एकपासून सातपर्यंत, थांबायची, परत एकपासून. मला वाटलं डायलिसिसची मिनिटं मोजतेय, मी तिला म्हटलं, झालं आई, संपलं आता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कल्याणीलाही नाही."

मी ते पत्र घेऊन जिन्यात बसले. खोलीत जाववेना. फेब्रुवारीत ती तिकडे मोजत होती, हंपीत मी नदीत पाय सोडून बसले होते, आणि माझ्या कुशीत वाटाणा होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट तर माळ्यावर होता, पिना लावलेला. मग ती कोणाच्या पायातला काटा काढत होती? मी यावर फार विचार करत नाही. केला की श्वास अडकतो.

आता कालचं. काल खंडेनवमी. सुदर्शनचा फोन आला, "मशीनची पूजा आहे, बाई करायच्या. तुम्ही या. रिपोर्टही आलाय." आई दरवर्षी जायची, आठवतं? घरातली हळद-कुंकवाची कुयरी पिशवीत घालून न्यायची आणि तू म्हणायचास, सीटी मशीनला सुवासिनी कोण करतं. सेंटर त्या दिवशी बंद. मेन स्विच खाली केलेला. दिवे नाहीत, एसी नाही, तो कायम चालणारा घूं आवाज नाही. ती खोली मी पहिल्यांदा गप्प बघितली. दारातून उजेड येत होता तेवढाच. मशीनच्या गोलावर झेंडूची माळ, टेबलावर केळीचं पान, त्यावर नारळ. मी जिथे पालथी झोपले होते तिथे नारळ.

मॅडम नव्हत्या, घरी त्यांचीही पूजा होती. त्यांनी पाकीट ठेवून दिलं होतं आणि फोनवर म्हणाल्या, "उघडून वाच, मग मला फोन कर. उगाच घरी नेऊन ठेवू नकोस, तुमच्या घराण्याची सवय मला माहितीये."

चार पिना. नव्या, चकचकीत. मी नखाने एकेक काढली. टेबलाच्या कडेवर पाकीट टेकवलं. कागद बाहेर काढला आणि मला अक्षरंच लागेनात, सगळं इंग्रजी, आणि तुला माहितीये मी एफवायच्या पुढे गेले नाही. मी श्वास धरला होता. कधी धरला ते कळलं नाही. ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. खाली शेवटी ठळक अक्षरांत होतं. ऑन्कोसायटोमा. ते मला मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, दोन नावं पाठ करून घेतली होती, हे आलं तर रडायचं नाही आणि ते आलं तर फोन करायचा आधी. हे होतं. साधी गाठ. कॅन्सर नाही. सुईने काढलेल्या तुकड्यावरून शंभर टक्के शपथ घेता येत नाही असंही लिहिलंय, म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन, वाढतेय का बघायला. पण काढायची नाही. माझ्या दोन्ही माझ्याकडे राहतात.

मी वाचलं आणि तशीच उभी. श्वास धरलेलाच. सोडायचा विसरले, का सोडता येईना, मला सांगता येत नाही. बोळात झालं होतं तसं कानात भरून आलं. माळेतल्या झेंडूचा वास, उदबत्ती.

आणि वरून आई म्हणाली, "सोडा."

नेहमीचाच आवाज. ना मोठा, ना लहान. जसा रोज अकरा वाजता येतो तसा.

मी सोडला. इतका सुटला की केळीचं पान हललं.

सुदर्शन माझ्या मागे उभा होता, हातात प्रसादाची वाटी. तू ऐकलंस का, असं मी त्याला विचारलं नाही. त्याने वाटी नारळाशेजारी ठेवली, भिंतीपाशी गेला, आणि खाली असलेला मेन स्विच हाताने पुन्हा एकदा खाली दाबून बघितला. मग कपाळावरचा घाम पुसला, मशीनला नमस्कार केला आणि म्हणाला, "पेढा घ्या ताई. चितळ्यांचा नाही, पण चांगला आहे."

घेतला.

आज दुपारी आपट्याची पानं घेऊन तुझ्याकडे यायचं मनात होतं. मांजरीच्या बसमध्ये बसलेही. मग हडपसरला उतरले आणि एका बाईच्या शेळ्या रस्ता ओलांडताना बघत बसले, आणि परत आले. पानं या पाकिटात घालतेय, पोचेपर्यंत वाळतील.

पुढचा स्कॅन एक एप्रिलला, सकाळी अकरा. डाव्या कोपऱ्यात जागा असते. यावेळी सही लागणार नाही. तरी ये.

ओवी